निळे बूट

तिसऱ्या घरातल्या पोरीच्या पायातही तेच निळे बूट होते, एकाला नाडीऐवजी सुतळी. मुलांच्या गरिबीची सरकारी पाहणी करायला आलेल्या निर्मलाताई काय ते समजल्या. बाहेरच्या माणसापुढं हसं नको म्हणून अख्खी वस्ती एका जोडावर लेकरांची अब्रू राखत होती.

“‘बूट नाहीत’ असं लिहिते,” त्या हळूच आईला म्हणाल्या. “नाहीतर हिला गरिबांत धरणार नाहीत. मदत बुडेल.”

आईचा चेहरा उतरला. “नका लिहू, ताई. हिचा बाप गेला तवापासून चारचौघांत सांगत आलेय, पोरीला काई कमी न्हाई म्हणून.”

निर्मलाताईंचं पेन जरा अडलं. मग त्यांनी ‘आहेत’ लिहिलं.

पोरगी तोवर खाली बसून सुतळी सोडू लागली होती. मागच्या दाराशी शेजारचं लेकरू अनवाणी वाट बघत उभं होतं.