आठ पावलं

चुडाव्याच्या ठेसनापासून कोसभर आल्यावर बन्सीधरनं बापाला गाडी थांबवायला लावली.

"दादा, जरा उतरा. एक काम हाय."

लिंबाजीनं कासरा ओढला. बैल थांबले तसा तो खाली उतरला आणि गुडघा धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला. सकाळपासून एक वाक्य त्याच्या मनात घोळत होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी नव्हती, म्हणून पोराला आणायला तो स्वतः गाडी जुंपून आला होता. वाटेत दोघंच असू, तेव्हा बोलून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं. बायको, कस्तुराबाई, जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात तो एकटाच. भाकरी थापायचाही आता कंटाळा यायचा. एकदा थापून दोन दिवस खायचा.

पण ठेसनापासून बन्सीधरच बोलत होता. बारा वर्षं झाली, तो हवाई दलात मेकॅनिक होता. गेली तीन वर्षं एकाच जातीच्या लढाऊ विमानांवर होता, आणि त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

"दुश्मनाची जहाजं बुडवायलाच केलेलं हाय ते, दादा. पान्याला पोट घासतं का काय, इतकं खालून जातं. दिसतच न्हाई त्यायला. अन् आपली बेटं हायत तिकडं लय दूर. बोटीला रातभर लागतं, हे अर्ध्या तासात पोचतं."

"बेटावर मान्सं ऱ्हातेत?"

"ऱ्हातेत की. नारळाची झाडं, लेकरंबाळं, शाळा. त्येंच्या पाठीशी कोन? आमीच."

हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला, की लिंबाजीनं आपलं वाक्य गिळलं. एक गोष्ट मात्र त्याला खटकली होती. पोरगा सारखा त्याच्या तोंडाकडं बघत होता.

आता हरभरा काढून मोकळ्या झालेल्या वावरात बन्सीधर उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "पंधरा दिवसांनी कानाची तपासनी हाय मपली. इंजिन सुरू असताना मी शेजारी असतो. कानावर झाकनं देतेत, पर आतली बारीक कुरकुर ऐकायची म्हनून मी ती बाजूला सारायचो. डावा कान गेल्यातच जमा हाय. उजव्याचं कळंना. डाक्टर आठ पावलांवर पाठीमागं उभा ऱ्हातो अन् हळू बोलतो. ते ऐकू आलं पायजे."

"अन् न्हाई आलं तर?"

बन्सीधरनं त्याच्या ओठांकडं बघितलं. "विमानाजवळ फिरकू देत न्हाईत. समद्यांसमोर फजिती कशाला? आज ऐकू आलं तर जातो अन् तपासनी देतो. न्हाई आलं तर मीच लिहून देतो अन् घरला येतो, कायमचा. तुमी सांगताल तसं. दुसऱ्या कुनावर मपला भरोसा न्हाई."

तो पाठ करून उभा राहिला. कवायतीला उभा असावा तसा, मुठी आवळून.

लिंबाजीनं ढेकळांतून आठ पावलं मोजली आणि वळून हळू आवाजात म्हणाला, "बैल."

बन्सीधर गप्प.

सहा पावलांवर आला. "वावर."

बन्सीधरनं मान थोडी उजवीकडं कलती केली. बाकी काही नाही.

चार पावलांवर तो "हरभरा" म्हणाला. रस्त्यावरच्या बैलांनी कान हलवले. बन्सीधर हलला नाही. "सुरू करा की, दादा," तो म्हणाला. "थांबलाव कामून?"

लिंबाजीला एकाएकी खूप थकवा आला. उन्हाचा होता का वयाचा, कुणास ठाऊक. तो पुन्हा आठ पावलं मागं गेला आणि त्याच हळू आवाजात, पोराच्या पाठीला म्हणाला, "बन्सी, आता मपल्याच्यानं होईना रे. घर खायला उठतंय. तुजी माय गेल्यापून कुनाशी बोललो न्हाई मी. ये आता घरला."

दीड वर्षात पहिल्यांदा तो हे बोलला होता. शेजारच्या टाळकीच्या कणसांवरून पाखरांचा थवा उठला आणि पुन्हा बसला.

"दादा? बोला ना."

त्याच्या आवळलेल्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. सहावीत असताना निकालाच्या दिवशी असाच उभा होता. लिंबाजीनं डोक्याचा पटका काढून तोंड पुसलं, पुन्हा बांधला. मग चालत तो पार पोराच्या पाठीशी आला. ढेकळं पायाखाली करकर फुटत होती. बन्सीधरला त्याचा पत्ता नव्हता. हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता, इतक्या जवळून, उजव्या बाजूनं, तो म्हणाला, "समिंदर."

"समिंदर!" बन्सीधर लगेच म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. "बराबर ना? समिंदरच म्हनलाव ना?"

गुडघा कुरकुरत होता, तरी एकेक पाऊल मागं टाकत लिंबाजी निघाला. आपल्या पहिल्या जागेपाशी येऊन थांबला.

"वळू का, दादा? किती पावलांवरून?"

"आठ!" लिंबाजी बेंबीच्या देठापासून ओरडला.