वाचून दाखवले, बरोबर आहे

“काका, पांढऱ्या रश्श्यात पंखा कुठनं आला?”

शाहूपुरीतल्या छपाईच्या दुकानात कामाला असलेल्या नुजहतनं कॉम्प्युटरचा पडदा गुंडू चौगुल्यांकडं वळवला. त्यांच्या बायकोनं, चिमणाबाईंनी, सांगितलेल्या पाककृतींची ती फाइल होती. रविवारी बाईंचं वर्षश्राद्ध. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात आईच्या पाककृतींची पुस्तिका द्यायची, असं बेंगळूरच्या लेकीनं, स्वप्नालीनं, फोनवरून ठरवून टाकलं होतं.

नुजहत हसू दाबत वाचू लागली. “खसखस भिजवून बारीक वाटायची. नारळाचं दूध काढायचं. अहो, पंखा कमी करा की, गार लागतंय. मग ते दूध मटणाच्या अळणी पाण्यात सोडायचं.”

चौगुले हसले नाहीत. चौतीस वर्षं कोर्टात साक्षी टाइप केलेला माणूस तो. साक्षीदार बोलेल ते उतरवायचं, त्यातलं कामाचं काय नि बिनकामाचं काय ते साहेबांनी ठरवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यात स्वयंपाकघरात उभ्या जन्मात चहापलीकडं मजल गेलेली नाही. रस्सा पंख्याखाली निवत ठेवायचा असतो असं कुणी सांगितलं असतं, तर तेही त्यांनी मुकाट्यानं मानलं असतं. चिमणाबाई अंथरुणावरून सांगत गेल्या आणि हे लॅपटॉप बडवत गेले. तेही नोंदी करायच्या एका साध्यासुध्या ॲपमध्ये, जिथं अक्षर ना ठळक होतं ना तिरकं.

“एवढं पुसून टाकू?”

“पुसू नगंस!” चौगुले इतक्या मोठ्यानं म्हणाले, की झेरॉक्सला आलेली बाई वळून बघायला लागली.

“पुसायचं न्हाई वो, काका. बोलण्याच्या आधी नि मागं टक्क्याच्या दोन-दोन खुणा टाकायच्या. फायलीत हाय तसं ऱ्हातंय, फकस्त पीडीएफ काढताना तेवढं गळतंय.”

मग ती विचारत गेली आणि चौगुले मान हलवत गेले. ‘मांजर आलं बघा दारात.’ झाकलं. ‘साखरेची गोळी घेतलासा का?’ झाकलं. ‘ताप हाय म्हणून स्वप्नालीला सांगू नगा, उगंच पळत येईल.’ इथं मान हलायला जरा वेळ लागला. खुणा पडल्या की ती ओळ फिकी व्हायची. तासाभरात निम्मी फाइल फिकी झाली.

नुजहतनं म्हाताऱ्या बायकांसाठी अक्षर मोठं केलं, समास वाढवला, प्रत्येक पदार्थ नव्या पानावर घेतला आणि नमुन्याची प्रत काढून दिली. चौगुल्यांनी उभ्याउभ्याच पानं चाळली. पाककृती चोख होत्या. कुणाच्याही म्हणून खपल्या असत्या. चिमणाबाई गेल्या तेव्हा घरात माणसंच इतकी होती, की एकटं वाटायला सवडच झाली नव्हती. ती आत्ता झाली, भर दुकानात.

“काका, ही शेवटची ओळ ऱ्हायली बघा. ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ ही ठिवायची का झाकायची?”

तिच्या वरची ओळ चिमणाबाईंची होती. ‘झालं न्हवं लिवून? मग वाचून दाखवा की एकदा.’ ‘उद्या वाचतो,’ असं म्हणून चौगुल्यांनी कोर्टातल्या सवयीनं खाली ती ओळ टाइप केली होती आणि लॅपटॉप मिटला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंना दवाखान्यात हलवलं. तिथून त्या घरी आल्या नाहीत.

“खोटं हाय ते,” चौगुले म्हणाले.

“काय खोटं?”

“वाचून दावलं न्हाई मी. चौतीस वर्सांत न वाचता ती ओळ कुणाच्या साक्षीखाली घातली न्हाई. हितंच तेवढी घातली.”

नुजहतनं गुपचूप त्या ओळीलाही खुणा टाकल्या. “शंभर परती काढायला घेते,” ती म्हणाली.

“घे. आन् मला एक येगळी काढ. सगळं उघडं ठिवून.”

“एकच? कुणाला द्यायची हाय?”

“द्यायची न्हाई.”

कळंब्याला घरी पोचेपर्यंत तीन वाजले. वैशाखाचं ऊन दारातून आत आलं होतं. चौगुल्यांनी पंखा पाचवर केला, चिमणाबाईंच्या मोकळ्या पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि चष्मा पुसला. मग ती वेगळी प्रत घेऊन कोर्टात वाचायचे तसं, खणखणीत आवाजात, पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. कांदा-लसूण चटणी झाली. धपाटी झाली. मांजर दारात येऊन गेलं. पांढरा रस्सा लागला.

“खसखस भिजवून बारीक वाटायची. नारळाचं दूध काढायचं. अहो, पंखा कमी करा की, गार लागतंय.”

चौगुले थांबले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. ते उठले, भिंतीपाशी जाऊन पंखा एकवर आणला, आणि परत येऊन पुढची ओळ वाचू लागले.