लागू पडलेलं औषध

दुष्काळानं बंद पडलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात काविळीवरच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती. अर्ध्या रोग्यांना औषधाची गोळी, अर्ध्यांना नुसत्या पिठाची, अन् कुणाला कोणती हे तिथल्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं.

गहिनीनाथनं मात्र ते ओळखलं. त्याच्या धाकट्या भावाला, बद्रीला, गोळीनं काहीच होत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा कय्युम मेकॅनिक मात्र दिवसभर ओकायचा, पायांची आग होते म्हणून कण्हायचा.

"खरं औषध अंगात असंच ढवळतंय," म्हणत त्यानं कय्युमला खाटेवरून खाली ओढलं, एका बुक्कीत त्याचा पुढचा दात पाडला, बरगड्यांत लाथा घातल्या अन् दोघांच्या गोळ्यांच्या डब्या बदलल्या.

"तोंड उघडलंस तर जित्ता गाडीन बे."

बद्री ओकायला लागला, तेव्हा गहिनीनाथनं दवाखान्यात पेढे वाटले.

बद्रीच्या तेराव्याला कय्युम सायकल मारत आला. डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. त्यानं गहिनीनाथचे दोन्ही हात हातात घेतले.

"डॉक्टर म्हणले, त्या खऱ्या गोळीनंच लिव्हर सडत होतं.



तुमी मारलं म्हणून वाचलो, भाऊ."