काय शोधत होतीस?

फोनसोबतच आलेला ब्राउझर तहनियतनं काढून टाकला होता. ती त्यात काय शोधते, ते तिचा नवरा गौस याला गॅरेजमध्ये बसल्या जागी स्वतःच्या फोनवर दिसायचं. काल ते दिसेनासं झालं. घरी येऊन त्यानं तिच्या झिंज्या धरल्या आणि तोंड ओट्यावर आपटलं.

"काय शोधत होतीस गं?"

तिचा दात पडला. त्यानं ब्राउझर परत टाकला. "पुन्हा काढलास तर बोटं ठेचीन! अम्मी, लक्ष ठेव हिच्यावर."

आज मात्र गॅरेजमध्ये नट आवळता आवळता तो तिचे शोध खुशीत बघत होता : बघारे बैंगनची रेसिपी. खुबानी का मीठा. नवऱ्याचा राग कशानं जातो.

"एका तडाख्यात सुतासारखी सरळ आली," तो शेजारच्या मिस्त्रीला म्हणाला.

संध्याकाळी तो गरम मिरचीभजी घेऊन घरी आला. तहनियतचा फोन तोंडाशी धरून अम्मी एकटीच बसली होती.

"ती कुठाय?"

"सकाळच्याच गाडीनं गेली. मला लिहिता येत नाही, पण बोललं की हा शोधतो रे. तुझ्या बापाच्या वेळी असलं काही असतं, तर मीही गेले असते."