कोंडलेला मोर

संगणकाचा पडदा लालभडक झाला. पैठणीच्या नक्षीचं सॉफ्टवेअर वृंदानं आत्ताच अपडेट केलं, आणि अँटीव्हायरसनं 'धोका' म्हणत ते कोंडूनच ठेवलं. आता त्यात काढलेला तिचा पहिलावहिला मोर उघडायचा कसा? तो दुपारपर्यंत दिसला नाही, तर पदरावर जुनीच कमळं विणायची, असं सासऱ्यांनी मागावर बसता बसता बजावलं होतं.

तिनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या काकांना फोन लावला.

"आमच्याच साइटवरनं घेतलंस ना? मग भिऊ नकोस. मालक नवा कोट घालून आला, तर घरचं कुत्रंही भुंकतंच की!"

"म्हणजे चावणार नाही?"

"नाही गं पोरी. मालकाला आत घे."

वृंदानं अँटीव्हायरसला 'परवानगी' दिली, आणि मोर उघडला. सासरे मागावरून उठले आणि चष्मा पुसून पडद्याशी वाकले.

"मान वाकडी झालीय याची."

वृंदाचा चेहरा उतरला.

"अगं, जिवंत मोर कधी शिपायासारखा ताठ उभा राहतो का?" त्यांनी रेशमाचा निळा धागा दातांनी तोडला. "चल, उतरव कागदावर. कमळं थकली आता, त्यांना जरा निजू दे."