बिनसावलीचा फोटो

बारा वाजून एकवीस मिनिटं झाली तरी काठीची सावली तिथेच होती. आखूड, काळी, ढिम्म.

अबोलीने घड्याळ पाहिलं, सावली पाहिली, पुन्हा घड्याळ पाहिलं. सूर्य माथ्यावर यायला अजून आठ मिनिटं होती, आणि आला तरी ही सावली कुठे जाणार नव्हती. हे तिला परवापासून ठाऊक होतं. तरी ती आशेने बघत होती. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी बाई, पण चूक स्वतःची असली की माणूस सूर्यालाही नवस बोलतो.

चूक साधीच होती. पुण्यात दर मे महिन्यात एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. लहानपणी अबोलीने गच्चीवर बाटली ठेवून हे कितीदा तरी पाहिलं होतं. खगोलशास्त्र लोकांपर्यंत नेण्यासाठी छोटंसं अनुदान मिळतं म्हणून तिने अर्ज भरला, त्यातही हेच लिहून दिलं: एकवीस जून, जयपूर, शून्य सावली, मुलांसोबत. सूर्य कर्कवृत्ताच्या वर कधी सरकत नाही आणि जयपूर त्याच्या साडेतीन अंश उत्तरेला, हे नववीतलं पोरही सांगेल. बाईंना ते परवा कळलं, मुलांसाठी नकाशा काढताना. माहेरचं ऊन तिने इथल्या अंगणात मांडलं होतं. तेही कुठे, तर सावली मोजायला दगडी यंत्रं बांधणाऱ्या शहरात!

आता मुरलीपुऱ्यातल्या शाळेच्या मैदानात, सकाळच्या योगदिनाच्या सतरंज्यांवर, सुट्टीतल्या शिबिराची चाळीस मुलं बसली होती. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आज परछाई गायब!' अहवालाला बिनसावलीच्या काठीचा फोटो जोडायचा होता. फोटो नाही तर अहवाल नाही, आणि अहवाल नाही तर पुढच्या वर्षी याच मुलांना कबूल केलेली दुर्बीण नाही.

पाहणीला अनुदान देणाऱ्या, झालान्यातल्या ऑफिसातून वसंतराव आले होते. निवृत्त प्राध्यापक, अनुदान समितीचे सदस्य आणि मूळचे पुण्याचेच. अबोलीने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. मराठीत, म्हणजे मुलांना कळायला नको.

वसंतरावांनी रुमालाने मान पुसली. मग पुन्हा पुसली.

"मंजुरीवर सही माझी आहे," ते म्हणाले. "अर्ज वाचताना मलाही आमची गच्चीच दिसली असणार."

"मग आता, सर?"

"साडेतीन अंश म्हणजे काय हो? काठी जरा दक्षिणेकडे कलवा, फोटो घ्या, विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण सर..."

"हसतील हो आपल्याला. तुम्हाला कमी, मला जास्त."

घमेल्यातल्या ओल्या वाळूत मीटरभर काठी रोवलेली होती. अबोली तिथे गुडघ्यावर बसली, वाळू चोपल्यासारखं केलं आणि अंगठ्याने काठी हळूच रेटली. सावली आक्रसत आक्रसत काठीच्या बुंध्यात शिरली.

"गायब! गायब!" मुलं टाळ्या पिटत ओरडली. वसंतरावांनी फोनवर फोटो घेतला. एक, दोन, तीन.

सोनम तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. तिचे वडील गवंडीकाम करायचे. काठी सरळ उभी आहे का ते बघायला तिने त्यांचा ओळंबा आणला होता आणि सकाळी स्वतः काठीच्या टोकाला बांधला होता. तेव्हा त्याचा दोरा काठीला चिकटून होता. आता तो काठी सोडून एकटाच लोंबत होता, आणि खाली वाळूवर त्याची बारीक रेघ पडली होती. काठीची सावली गेली होती, दोऱ्याची गेली नव्हती.

"मॅडम," सोनम हळूच म्हणाली, "पापा होते ना, तो दीवार गिरवा देते."

अबोलीला लाज वाटली. इतकी, की उन्हात कानशिलं आणखी तापली. तिने वसंतरावांकडे पाहिलं. ते फोनमध्ये बघत होते.

बारा अठ्ठावीस. अबोलीने दोन्ही हातांनी काठी धरली आणि दोऱ्याला टेकेपर्यंत मागे घेतली. बुंध्यातून सावली बाहेर आली. टाळ्या थांबल्या.

"परछाई गायब नहीं होगी," ती मुलांना म्हणाली. "जयपुर में कभी नहीं होती. मैंने गलत लिखा था."

मागच्या सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं. एका मुलाने उठून फळ्यावरचं 'गायब' पुसायला घेतलं.

"सोनम, स्केल ला. नाप."

सोनम घमेल्यावर वाकली. मागे वळून वसंतरावांकडे बघण्याची अबोलीची छाती होईना. दुर्बीण गेली, हे तिने मनोमन धरलंच होतं. बुटांची करकर जवळ आली आणि अगदी पाठीशी थांबली.

"छह," सोनम म्हणाली.

"सहा सेंटिमीटर, सर," अबोली मान खाली घालूनच म्हणाली.

मग पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज झाला.

"सहाच्या पुढे किती?" वसंतरावांनी विचारलं.