पाणपोईचं वायफाय

"धमकीचा मेसेज तुमच्या वायफायवरून गेलाय, काका. कनेक्शन तुमचं, म्हणजे निस्तरायचंही तुम्हीच," हवालदार म्हणाला.

दिगंबरपंतांच्या तोंडचं पाणी पळालं. वाडीत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून वडिलांच्या पाणपोईशेजारी त्यांनी वायफाय सगळ्यांना खुलं केलं होतं. पासवर्ड रांजणामागच्या भिंतीवर खडूनं लिहिला होता. तहानलेल्याला नाव विचारायचं नाही, हा घरचा रिवाज.

"कोण कोण वापरतं? नावं सांगा!"

पंत बसल्या जागी चुळबुळले. कुणाला गोवायचं? फॉर्म भरणाऱ्या पोरींना? दुबईतल्या लेकाशी बोलणाऱ्या मासेवालीला?

हवालदारानं भिंतीचा फोटो काढून साहेबांना पाठवला. पासवर्ड न टाकताच तो क्षणात गेला. त्याच्या फोनला हे वायफाय आधीपासूनच ओळखीचं होतं.

"एकच नाव आठवतंय," पंत सावकाश म्हणाले. "तुमच्या छातीवरच्या पट्टीवर आहे."